कलर केलेल्या केसांना काय करू: स्पा, केराटिन की परत ग्लोबल? लग्न ३ आठवड्यांवर

सायली_उंड्री:
मैत्रिणींनो जरा मदत करा. दिवाळीच्या आधी ग्लोबल कलर (मुळापासून टोकापर्यंत सगळ्या केसांना एकच रंग) केला होता, ॲश ब्राऊन म्हणजे राखाडी झाकेचा तपकिरी, पहिला महिनाभर सगळ्यांनी विचारलं कुठे केलास म्हणून, आणि आता मुळांशी दोन बोटं काळे-पांढरे आणि टोकं अगदी गंजलेल्या पत्र्यासारखी केशरी. नणंदेचं लग्न तोंडावर आहे. काल पार्लरमध्ये गेले तर त्या मुलीने केसाला हातही न लावता लांबूनच "मॅम हेअर खूप डॅमेज आहेत" म्हणत पॅकेज सांगितलं, परत ग्लोबल, वर केराटिन, वर ६ हेअर स्पा. आकडा ऐकून मी आधी पाणी मागितलं. यातलं खरंच काय लागतं? स्कूटीवर रोज कॅम्पपर्यंत जाते, स्कार्फ बांधते, आणि आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी आहे, त्याचा काही संबंध असेल तर.

कोथरूडची_मावशी:
अगं ग्लोबल परत अजिबात करू नकोस. मी १० वर्षं कलर करतेय, पहिली ३ वर्षं दर वेळी मुळापासून टोकापर्यंत थापून घेतलं, शेवटी टोकं काळीकुट्ट आणि झाडूसारखी, मग कापावीच लागली. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे नवीन भाग तेवढाच, पर्मनंट कलर तेवढ्यालाच हवा. त्याला रूट टचअप म्हणायचं, पांढऱ्यांसाठी बहुतेक ठिकाणी कलरमध्ये मिसळायला २० व्हॉल्यूम ताकदीचा डेव्हलपर (पेरॉक्साइड) घेतात. खालच्या लांबीला ग्लॉस, म्हणजे झाक देणारा हलका रंग, सांग. बेसिनवरच लावतात, १५-२० मिनिटांत धुतात, अमोनिया नसतो, रंगाची झाक नि चमक परत येते, ४ ते ६ आठवडे टिकते. फक्त ग्लॉसने पांढरे पूर्ण झाकले जात नाहीत आणि गडद केस उजळत नाहीत, तेव्हा तशी आशा धरू नकोस.

कात्री_कंगवा:
मी सलूनमध्येच काम करते म्हणून थोडं कडक बोलते. केराटिन हे फ्रिझ, म्हणजे पिंजारलेले केस, बसवायला असतं, रंगासाठी नाही. उलट त्यात जी गरम प्रेस फिरवतात तिने कलर एखादी शेड उडू शकतो, म्हणून ज्यांना दोन्ही हवंय त्यांना आम्ही आधी केराटिन आणि किमान २ आठवड्यांनी कलर सांगतो. तुझ्याकडे दिवस कमी आहेत, सोडून दे. स्पा म्हणजे क्रीम, मसाज, वाफ. चार धुण्यांपुरते केस मऊ लागतात, छान झोप येते, पण गेलेला रंग येत नाही. एक कर हवं तर, सहा कशाला.

केशरी का झाले तर गडद केस उजळले की आतला नारिंगी रंग उघडा पडतो, वरची ॲश झाक धुपली की तोच दिसतो. त्याला निळ्या बेसचा टोनर, म्हणजे नको ती झाक मारणारा ग्लॉसच, लागतो. जांभळा शाम्पू पिवळेपणासाठी असतो, ब्लाँड केसांचा, सगळ्या मुली व्हिडिओ बघून तोच आणतात. आणि आधी केला होता म्हणून पॅच टेस्ट टाळू नकोस, कलरमधल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी नंतरही सुरू होऊ शकते. कानामागे लावून ४८ तास थांबायचं.

वाघोलीत_अडकलेली:
पाण्याचा संबंध आहे म्हणजे काय, तेच तर! सदाशिव पेठेत होते तोवर खडकवासल्याचं पाणी, कलर दोन-अडीच महिने नीट. वाघोलीला आले, बोअर नि टँकर, तिसऱ्या आठवड्यात केस राठ आणि रंग मळकट. बादलीच्या काठाला पांढरा थर धरतो ना, तोच केसांवर बसतो. सलूनमध्ये चिलेटिंग वॉश, म्हणजे हे क्षार काढणारा शाम्पू, मागा, ग्लॉसच्या आधीच, नंतर केलात तर ग्लॉसही धुऊन जाईल. मी शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घेते, नवरा हसतो, हसू दे.

नीता७१:
एवढे पैसे घालण्यापेक्षा मेंदी लावा की, नैसर्गिक आहे.

कात्री_कंगवा:
ताई, नुसती मेंदी पांढऱ्यांवर केशरीच येणार, तिला तेच नकोय. इंडिगो (निळीच्या पानांची पूड) घातली तर उजळलेल्या टोकांवर हिरवट झाक येऊ शकते, आणि पाकिटातल्या काळ्या मेंदीत बऱ्याचदा पीपीडीच असतं. लग्नाच्या तोंडावर नको हो.

सायली_उंड्री:
अपडेट. दुसरीकडे गेले, कर्वे रोडच्या बाजूला. तिथल्या दादाने बट खिडकीपाशी नेऊन उलटीसुलटी बघितली, बोटांवर ओढून बघितली, म्हणाला टोकं पाऊण इंच काप, बाकी केस ठीक आहेत. चिलेटिंग वॉश, टचअप, ग्लॉस. पहिल्या पॅकेजच्या निम्म्यालाही गेलं नाही. केशरी गेलं, पण मुळं आणि लांबी यात अगदी किंचित फरक आहे, तो म्हणाला दोन धुण्यांत मिसळेल. आता शेवटचा तांबा फिल्टरचा घेतेय तर सासूबाई विचारतात, "केसांना पण तहान लागते का गं?"