अनुभव धागा: लॉकडाऊनमध्ये तुमच्या झाडांचं, पाण्याचं, चळवळीचं काय झालं? (मराठवाडा)

माळ्यावरून गाद्या काढताना एक कापडी फलक सापडला. २२ एप्रिल २०२०, वसुंधरा दिन, सकाळी ८, क्रांती चौक. रंग अजून कोरा आहे, कारण तो एकदाही उन्हात गेला नाही. त्या वर्षी वसुंधरा दिनाला ५० वर्षं होत होती आणि आम्ही औरंगाबादेत (तेव्हा हेच नाव होतं) सायकलफेरी काढणार होतो. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २५ पासून देश बंद. १ एप्रिलला बातमी आली की ग्लासगोची नोव्हेंबरातली जागतिक हवामान परिषदही पुढच्या वर्षावर गेली. म्हटलं, चला, मोठ्यांचीही फेरी रद्द.

मग फॉरवर्ड सुरू झाले. निसर्ग श्वास घेतोय, पृथ्वी बरी होतेय वगैरे. माझ्या मामांनी फोनवर ऐकवलं, "बघ, तुम्ही काही न करता काम झालं." जूनपर्यंत मी त्यांच्याशी वाद घातला, त्या काळातलं माझं हवामानकार्य म्हणाल तर एवढंच. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जगाचं रोजचं कार्बन उत्सर्जन २०१९ च्या सरासरीपेक्षा सुमारे १७ टक्के खाली आलं होतं, हे खरं. पण हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची मे महिन्याची सरासरी ४१७ पीपीएमवर (दहा लाख भागांत ४१७) गेली, तोवरची सगळ्यात जास्त. आकड्यांनी मामा हलले नाहीत. शेवटी म्हटलं, "मामा, नळाची धार उलीशी बारीक केली म्हणून हौद रिकामा होतो का?" ते म्हणाले, "होत नाय. पण आमच्याकडं नळच आठ दिवसाला येतो, त्याचं बोल."

तर प्रश्न एवढाच: सगळं बंद असताना हातातलं काम कसं धरून ठेवलंत? सुटलं असेल तर तेही लिहा. खरं तर तेच आधी लिहा.

लातूर, शिक्षिका

आमच्या कॉलनीच्या रस्त्याकडेला जुलै २०१९ मध्ये ३४ रोपं लावली होती. करंज, कडुनिंब, कांचन आणि चार पिंपळ. रोपाचा पहिला उन्हाळा निघाला की ते आपलं झालं, असं आमच्याकडं म्हणतात. आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात दाराबाहेर पाय टाकायची बंदी! लातूरकरांना पाण्याचं वेगळं सांगायला नको. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आम्ही भांडी विसळलेलं पाणीसुद्धा बादलीत जपून ठेवायचो. ती सवय कामाला आली. धुण्याचं शेवटचं पाणी दोन कळशांत भरायचं आणि पहाटे पाचला बाहेर पडायचं.

चौथ्या दिवशी पोलिसानं अडवलं. "कुठं निघालाव मॅडम?" "झाडाला पाणी घालायला, साहेब." "झाड घरात न्या की मग." मी हसले, तो हसला नाही. काठीनं कळशीवर टकटक केलं, आत डोकावून बघितलं आणि म्हणाला, "सहाच्या आत आटपा."

रोज ३४ झाडांना कळशीनं पाणी घालणं एकटीला जमेना. माझ्या दिरांचा दवाखाना आहे. त्यांच्याकडून सलाईनच्या रिकाम्या बाटल्या आणल्या. बूड कापायचं, बाटली उलटी काठीला बांधायची, नळी मुळाशी सोडायची. नळीवरचं ते छोटं चाक फिरवून दोन-तीन सेकंदाला एक थेंब ठेवला की अर्ध्या लिटरची बाटली सहा-सात तास पुरते. काय आनंद झाला होता मला! दुसऱ्या दिवशी गल्लीत बोंब: बाईनं कोरोनाच्या बाटल्या झाडाला टांगल्यात. तिसऱ्या दिवशी अकरा बाटल्या गटारात. कुणी टाकल्या ते मला माहीत आहे, रोज नमस्कार होतो आमचा.

राग आला, पण त्यांचंही बरोबर होतं. सलाईन म्हटलं की त्या दिवसांत कुणाच्याही पोटात गोळा यायचा. मग कुंभाराकडं गेले. त्याचे उन्हाळ्याचे माठ, मडकी सगळी अंगणात पडून, गिऱ्हाईकच नाही. लहान मडकी घेतली, भोक पाडून सुती चिंधीची वात घातली आणि रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरली. चार दिवसांनी एकदा भरायची. मडक्याला कुणी घाबरलं नाही.

जालना

मी रोलिंग मिलमध्ये होतो. त्या एप्रिलात जालन्याचं आभाळ निळं झालं, रात्री चांदण्या दिसल्या, लोकांनी गच्चीवरून फोटो टाकले. मी पण बघितलं. धुराडी बंद होती म्हणून निळं होतं आणि धुराडी बंद होती म्हणून माझा पगारही बंद होता. ८ मे रोजी करमाडजवळ रुळावर मालगाडीखाली १६ मजूर गेले, ते इथूनच चालत निघाले होते. त्यानंतर निळ्या आभाळाचा फोटो बघितला की मी फोन उलटा ठेवायचो. हवा साफ झाली पाहिजे, मला पण दोन लेकरं आहेत, एकाला दम्याचा त्रास आहे. पण माणसं घरी बसवून साफ केलेल्या हवेला यश म्हणू नका. चिमणीला गाळणी बसवा, भट्टी सुधारा आणि मग चांदण्या दाखवा. काम धरून ठेवायचं विचारलंय, तर मी काहीच धरलं नाही. उसनवारी फेडत होतो.

बीड

वरच्या भावाशी सहमत. माझे आईवडील ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात होते, तिथंच अडकले. त्याच फेब्रुवारीत मी पालवणच्या वृक्ष संमेलनाला जाऊन आलेलो, डोक्यात देवराई घेऊन. मार्चच्या शेवटी कोपीतून (ऊसतोड मजुरांच्या झोपडीतून) आईचा फोन: "कोप्यातलं पीठ संपत आलंय, आणि मुकादम फोन उचलत नाय." तेव्हा कुणी माझ्यासमोर हवामान बदल म्हटलं असतं तर भांडण झालं असतं.

एप्रिलच्या उत्तरार्धात परतायला परवानगी मिळाली. गावात आल्यावर त्यांना १४ दिवस शाळेत ठेवलं. गावानं भाकरी फाटकाबाहेर ठेवायची आणि लांब सरकायचं. आत बावीस माणसं, पहाटे तीनला उठून कोयता धरायची सवय असलेली. बसून करणार काय? तिसऱ्या दिवशी वडील फाटकातून ओरडले, "टिकाव दे रं इकडं." शाळेच्या मागं उताराला त्यांनी समतल चर (पाणी अडवायला उताराला आडवे, एका पातळीतले खड्डे) खोदायला घेतले. मी बाहेरून ओळंबा आणि पाण्याची नळी देऊन पातळी कशी बघायची ते सांगत होतो आणि ते मला सांगत होते की उतार त्यांना पायाला कळतो. चौदा दिवसांत सात चर झाले. सातवा वाकडा आहे, त्या दिवशी त्यांच्यात भांडण झालेलं.

आईला मी नंतर म्हटलं, तुम्ही हवामानाचं काम केलंत. ती म्हणाली, "आम्ही टाईमपास केला." ऊस आणि पाणी यांचं नातं तिला मी कशाला शिकवू? आपल्याकडं प्यायला टँकर लागतो म्हणूनच ती दुसऱ्याचा ऊस तोडायला जाते.

परभणी, तेव्हा विद्यार्थी

थोडक्यात लिहितो. त्या वर्षी पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या (प्रकल्पानं पर्यावरणाचं काय होईल ते आधी तपासायच्या) नव्या अधिसूचनेचा मसुदा लॉकडाऊनमध्येच हरकतींसाठी आला. मसुदा इंग्रजी-हिंदीत. काम आधी सुरू करून परवानगी नंतर घेण्याची वाट त्यात होती आणि जनसुनावणीच्या नोटिशीची मुदत ३० वरून २० दिवसांवर आणली होती. आम्ही चौघांनी महत्त्वाची कलमं मराठीत उतरवली. दिल्ली उच्च न्यायालयानं ३० जूनला मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि बाकीच्या भाषांत भाषांतर करायला सांगितलं, तेव्हा आम्ही गच्चीवर नाचलो. गच्चीवरच, कारण रेंज तिथंच यायची. एक आजोबा मेल पाठवायचा म्हणून आमच्या दारात आले, मास्क हनुवटीवर, हातात चार ओळींचा कागद: "आमच्या गावात काही करायचं तर आम्हाला आधी विचारा." आम्ही तो कागद तसाच टाइप केला. आमच्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा तो सरस होता.

हिंगोली, शेतकरी

तुम्ही मंडळी लक्ष टिकवायचं म्हणायलाव. शेतकऱ्याला लक्ष हटवायची सोय नसते. जून २०२० ला मराठवाड्यात किती तरी जणांचं विकतचं सोयाबीन उगवलंच नाही. माझं निम्मं रान दुबार पेरलं. ज्या निम्म्यात घरचं बी होतं ते वाचलं, आणि ते वाचलं ते लॉकडाऊनमुळं. घरी बसून होतो, कृषी सहाय्यक फोनवर सारखं सांगायचे, म्हणून एकदाची उगवण तपासली. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर बिया मांडायच्या, गुंडाळी करायची, रोज पाणी शिंपडायचं. आठव्या दिवशी गुंडाळी उघडून मोजायचं. सत्तरच्या वर मोड आले तर बी पेरायला चालतं. माझे ब्याऐंशी आले. पोरगी बोट ठेवून मोजत होती, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा तिनं खडूनं भिंतीवर रेघा मारल्या. त्या रेघा अजून आहेत. पेरणी पण रुंद वरंबा सरीवर केली, जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं.

हे झालं जूनचं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस असा लागला की थांबेना. कापून गंजी लावलेली, वर ताडपत्री, तरी खालून ओल. उघडून बघतो तर शेंगेतल्या शेंगेत कोंब. जूनमध्ये ज्याला हात जोडले तरी उगवेना, ते ऑक्टोबरात गंजीत उगवलं. घरात बायको म्हणाली, आता मोजा की.

दरसाल पाऊस कमी होतो असं नाही, पडायची रीत बिघडली. मी तेव्हापासून सगळं रान एका पिकाखाली टाकत नाही. तूर, ज्वारी थोडी-थोडी. गावात हसतात.

परभणी, पुन्हा मीच

लातूरच्या ताई, मडक्याची वात किती जाड ठेवायची? आम्ही दोन वर्षं करून बघतोय, एक तर पाणी रात्रीत संपतं नाही तर पाझरतच नाही. आणि ३४ पैकी किती जगली?

लातूर, शिक्षिका

एकवीस. दोन बकरीनं, एक पाइपलाइनच्या खोदकामात, बाकीची माझ्या हातून. मे महिन्यात मला स्वतःला ताप आला आणि मी बारा दिवस खोलीत होते. तेवढ्यात गेली.

वात करंगळीपेक्षा बारीक ठेवा, जुन्या सुती साडीची, नवं कापड पाणी ओढत नाही. भोकात घट्ट बसली पाहिजे. आणि भोक अगदी तळाला पाडू नका, बोटभर वर पाडा, खाली गाळ बसतो. तोंडावर पणती पालथी घाला, नाहीतर डास होतात. ते बाटल्या फेकणारे शेजारी आता पणत्या ठेवायला मदत करतात, पण बाटल्यांचं अजून कबूल करत नाहीत.