वेगासपर्यंत गाडीने : हरलेला आकडा खरा लिहायचा

मंडळी, अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी हा वेडेपणा एकदा तरी केलेला असतो. चार-पाच जण, भाड्याची गाडी, 'रस्त्याने जाण्यातच खरी मजा' असं ठासून सांगणारा एक मित्र, आणि दुसऱ्या टोकाला लास वेगास. तुमचेही अनुभव येऊ द्या. लांबीची अट नाही. अट एकच : किती हरलात तो आकडा खरा लिहायचा. वेगासहून परतलेला जो तो 'साधारण बरोबरीत सुटलो' म्हणतो. सगळेच बरोबरीत सुटत असतील तर ती एवढाली हॉटेलं कुणाच्या पैशावर उभी आहेत?

सुरुवात मी करतो.

मे २००९. सेमिस्टर नुकती संपलेली. शिकागो ते वेगास, साडेसतराशे मैल, चौघे. तिघं पंचविशीच्या आतले. भाड्याच्या गाडीला पंचविशीखालच्या ड्रायव्हरचे रोजचे जादा पैसे पडतात हे काउंटरवर कळलं. तिथेच हिशेब झाला आणि जो सव्वीस वर्षांचा होता, ज्याला आम्ही आजोबा म्हणून चिडवायचो, त्याच्या एकट्याच्या नावावर गाडी घेतली. सगळी गाडी त्याने हाकली. आम्ही गाणी लावायची जबाबदारी घेतली.

नेब्रास्काबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. झोपलो तेव्हा खिडकीत जे शेत होतं तेच उठल्यावरही होतं. डेन्व्हर सोडलं की मात्र रस्ता एकदम डोंगरात घुसतो. आयझेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांवर आहे, तिथे मे महिन्यातही कडेला बर्फ होता आणि आम्ही अर्ध्या चड्डीत.

खरी गंमत युटामध्ये झाली. आय-७० महामार्गावर ग्रीन रिव्हर नावाचं गाव लागतं. त्यानंतर सलायनापर्यंत शंभरहून जास्त मैल ना गाव, ना गॅस स्टेशन. तशी पाटीच आहे. पेट्रोल पाव टाकी आणि वर थोडं. मागच्या सीटवरच्या दोघांचं मत पडलं की इथे महाग दिसतोय, सलायनाला भरू. पुढे चढण लागली. एसी बंद केला, खिडक्या बंद ठेवल्या, वेग पंचावन्नवर आणला. मागून येणारे ट्रक भोंगे वाजवत पुढे जात होते. दोन्ही बाजूंना लाल-पिवळे कडे, लोक मुद्दाम ते बघायला येतात म्हणे. आम्ही चौघे काट्याकडे बघत होतो. दिवा लागला तेव्हा अजून तीस मैल बाकी होते. शेवटी उतार लागला म्हणून निभावलं. सलायनाच्या पंपावर भाव बघितला : गॅलनमागे एक सेंट जास्त.

वेगासला पोचल्यावर पहिले साठ डॉलर रूलेटवर बारा मिनिटांत गेले. एकूण हरलो १४०.

*

आमचं क्रॉस-कंट्री वगैरे काही नाही. लॉस एंजेलिसहून २७० मैल. तरी रविवारचा अनुभव ऐकाच.

जाताना वाटेत बेकर लागतं. तिथे १३४ फूट उंचीचा थर्मामीटर उभा आहे, कारण जवळच्या डेथ व्हॅलीत १९१३ साली १३४ फॅरनहाइट नोंदलं गेलं होतं. बेकरच्या पुढे चढावर 'एसी बंद करा, गाडी तापेल' अशी पाटी आहे. गाडी चालवणाऱ्याने ती मोठ्याने वाचली आणि एसी चालूच ठेवला. जुलै महिना. इंजिनाचा काटा लाल पट्ट्यात गेल्यावर बॉनेट उघडून पाऊण तास रस्त्याकडेला उभे होतो. चपलेच्या तळव्यातून डांबराची धग लागत होती. रेडिएटरचं झाकण लगेच उघडायला निघालेल्या मित्राला दोघांनी मागे ओढलं, नाहीतर हा अनुभव वेगळ्या धाग्यात लिहावा लागला असता.

परतताना रविवारी दुपारी दोनला निघालो, रात्री अकराला घरी. आख्खं दक्षिण कॅलिफोर्निया त्याच वेळी परतत असतं. सोमवारी पहाटे निघा. ऑफिसात काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

हरलो ८५.

*

मी जिंकले होते. तरी लिहू का? :)

डिसेंबर २०१३, डॅलसहून आम्ही तिघी. अमॅरिलोजवळ कॅडिलॅक रँचला थांबलो. शेतात दहा जुन्या कॅडिलॅक नाक खुपसून पुरल्या आहेत, १९७४ पासून, आणि येणारा-जाणारा त्यांच्यावर रंगाचा फवारा मारतो. थर इतके चढलेत की पत्रा कुठे संपतो आणि रंग कुठे सुरू होतो कळत नाही. आम्हीही डबा घेऊन तिघींची नावं लिहिली. सहा दिवसांनी परतताना मुद्दाम पुन्हा थांबलो. आमच्या नावांवर कुणीतरी कुणाला तरी लग्नाची मागणी घातली होती.

न्यू मेक्सिकोत, कंटाळ्याच्या भरात, तिघींनी करार केला : जी जिंकेल तिने तिघींत वाटायचं. तेव्हा ते फार उदार वाटलं. पुढे दोन राज्यांच्या सीमेवरच्या हूवर धरणावर दोन घड्याळं बघितली, एक ॲरिझोनाची, एक नेवाडाची. हिवाळ्यात दोघांत एका तासाचा फरक असतो. एक मैत्रीण म्हणाली, 'बघ, इथेच एक तास फुकट मिळाला, आपलं नशीब जोरात आहे.'

दुसऱ्या रात्री स्लॉट मशीनवर बसले होते. अचानक मशीन गोठलं. वरचा दिवा फिरायला लागला, बटणं दाबून काही होईना. मला वाटलं मी बिघडवलं. शेजारच्या आजी म्हणाल्या, 'हलू नकोस, जागा सोडू नकोस.' पडद्यावर १,६०० डॉलर.

तेव्हा स्लॉटवर एका फटक्यात १,२०० किंवा जास्त लागले की कागदपत्रं व्हायची (२०२६ पासून ती मर्यादा २,००० झाली आहे). माणूस आला, ओळखपत्र मागितलं. पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत. मैत्रिणीला पळवलं, मी मशीनला चिकटून. मग त्याने विचारलं, इथली करनिवासी आहेस का? मी विद्यार्थी व्हिसावर, म्हणजे करापुरती परदेशी. ३० टक्के जागच्या जागी कापले. ४८० गेले, हातात ११२०. त्याला तीन भाग : ३७३ आणि वर एक डॉलर, तो आणून देणाऱ्याला टिप.

नंतर कळलं की अशा परदेशी माणसाने ब्लॅकजॅक, रूलेट, क्रॅप्स, बकाराट या टेबलावरच्या खेळांत जिंकले तर कापत नाहीत, स्लॉटवर कापतात. आणि हरलेले पैसे त्यातून वजाही करता येत नाहीत. त्या दोघींनी आपापले ३७३ दुसऱ्या दिवशी खरेदीत उडवले. मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलत नव्हते. खरं सांगते, करार मोडायचा विचार मनात येऊन गेला होता.

३७३ पैकी हरले २१०. निव्वळ जिंकले १६३. चालेल ना?

*

@ जॅकपॉटवाल्या : दंडवत! त्या मैत्रिणींना हा धागा पाठवा.

*

आमच्यात एक संख्याशास्त्रवाला होता. ऑस्टिनपासून वेगासपर्यंत त्याने आमचं डोकं खाल्लं, पण कामाचं तेवढं लिहितो.

रूलेटच्या चाकावर एकच शून्य असेल तर लावलेल्या पैशात टेबलाचा वाटा सरासरी २.७० टक्के, दोन शून्यं असतील तर ५.२६, आणि आता स्ट्रिपवर, म्हणजे वेगासच्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावर, तीन शून्यांची टेबलं आहेत, तिथे ७.६९. चाक तेच, गोळी तीच, फक्त हिरवे कप्पे वाढवले. ब्लॅकजॅकला टेबलावर बारीक अक्षरात छापलेलं वाचा. पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस झाले, म्हणजे ब्लॅकजॅक लागला, की किती द्यायचे ते तिथे असतं. ३ ला २ असेल तर १५ डॉलरच्या डावावर साडेबावीस मिळतात. ६ ला ५ असेल तर अठरा. साडेचार डॉलर कुठे गेले ते विचारायला कुणी थांबत नाही, कारण जिंकल्याचा आनंद झालेला असतो.

आता त्याचीच गंमत. टेबलावर बसल्यावर याने शंभराची नोट पत्ते वाटणाऱ्या बाईच्या, डीलरच्या, हातात द्यायला पुढे केली. बाई घेईना. हा अजून पुढे करी. शेवटी तिने बोटाने हिरव्या कापडावर टकटक केलं : तिथे ठेव. पैसे हातातून हातात घ्यायचे नाहीत असा तिथला नियम, वरच्या कॅमेऱ्याला सगळं दिसलं पाहिजे. मग पत्तेही याने उचलले, त्यावरून पुन्हा बोलणी. पत्ता हवा तर टेबलावर बोट टेकवायचं, नको तर तळहात आडवा हलवायचा. संख्याशास्त्रात हे नसतं. कुठल्या पत्त्यांवर काय करायचं ते सांगणारं 'बेसिक स्ट्रॅटेजी'चं छापील कार्ड मात्र समोर ठेवून खेळता येतं, कुणी हरकत घेत नाही.

तो हरला १९०, अगदी नियमानुसार. मी फुकट मिळणारी ड्रिंक्स घेत, दर ग्लासामागे एक डॉलर टिप देत, पेनी स्लॉटवर तीन तास काढले. हरलो ४४, टिपा धरून.

*

रिसॉर्ट फी! कुणीच कसं लिहिलं नाही? खोली स्वस्त दिसली म्हणून घेतली आणि हॉटेलची ही दर रात्रीची सक्तीची फी, शिवाय पार्किंग, धरून जवळपास दुप्पट झाली. आठवड्याच्या मधल्या दिवसांत जा. खेळलोच नाही, पण यालाच हरणं म्हणायचं तर ११७.

*

माझा किस्सा मजेचा नाही. लिहू की नको असं दोनदा झालं.

२०१६, कोलंबस, ओहायोहून चौघे, दोन हजार मैल. अडीच दिवस गाडीत इतके हसलो होतो की ओक्लाहोमात पोट दुखायला लागलं. वेगासला दुसऱ्या रात्री एकजण दिसेना. फोन उचलेना. मोठं कॅसिनो म्हणजे गावच असतं, शोधणार कुठे? पहाटे पाचला सापडला. हॉलमध्ये व्हॅक्यूम क्लीनर फिरत होते, दोन-चार मशीन सोडली तर सगळं रिकामं. तिथे खिडकी नाही, घड्याळ नाही. आम्हाला बघून म्हणाला, 'चला, जेवायला जायचं ना?' त्याच्या लेखी रात्रीचे अकरा वाजले होते.

२,८०० गेले होते. त्यातले बरेच क्रेडिट कार्डावर रोख काढलेले. त्या रकमेवर त्याच दिवसापासून व्याज लागतं, खरेदीसारखी सवलत नसते. घरभाडं त्यातच होतं.

एक दिवस आधीच निघालो. गाडीत कुणी काही बोललं नाही. फ्लॅगस्टाफ गेलं, गॅलप गेलं. टुकुमकारीच्या पंपावर त्याने आपल्या वाट्याचे पैसे द्यायला पाकीट उघडलं. मी म्हटलं, 'राहू दे रे.' त्या 'राहू दे'चा त्याला इतका राग आला की नोटा त्याने गाडीच्या टपावर ठेवल्या आणि आत जाऊन बसला. वाऱ्याने एक नोट उडाली, ती मी पळत जाऊन पकडली. आम्ही अजून बोलतो. वाढदिवसाला वगैरे. त्याने खेळणं बंद केलं की आम्हाला सांगणं बंद केलं, विचारायची हिंमत झाली नाही.

मी हरलो ३०.

*

वरचं वाचून गप्प झालो. त्या मानाने माझं अगदीच किरकोळ आहे.

जून महिना, परतीच्या वाटेवर ॲरिझोनातल्या पेज गावी अँटेलोप कॅन्यन या घळीची टूर. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ बदलत नाही, शेजारचा नावाहो या मूळ अमेरिकन लोकांचा प्रदेश, नावाहो नेशन, बदलतो, युटाही बदलतं, आणि पेजमधल्या फोनला यातलं कुठलंही टॉवर सापडू शकतं. पाच फोनांवर दोन वेळा. आम्ही जास्तीच्या वेळेवर भरवसा ठेवून धावत-पळत पोचलो तर तासभर लवकर. टूर पेजच्या वेळेनुसारच निघते. त्या एका तासात वेगासच्या खर्चाचा हिशेब काढायला बसलो आणि त्यावरून भांडण झालं. हरलो ६०, भांडणही हरलो.

*

हा धागा मला एकाने पाठवला. शिकागोवाल्या पहिल्या अनुभवातला आजोबा तो मीच. दोन दुरुस्त्या.

एक : सलायनाला स्वस्त मिळेल हा सल्ला मागच्या सीटवरून आला नव्हता. मागचे दोघे घोरत होते. नकाशा पुढे बसलेल्याच्या, म्हणजे धागाकर्त्याच्या मांडीवर होता, आणि 'मी बघतो ना, तू चालव' हे त्याचेच शब्द.

दोन : आकडा. रात्री दीड वाजता फ्रीमाँट स्ट्रीटवर मी झोपायला निघालो असताना याने माझ्याकडून दोनशे उसने घेतले. 'सकाळी देतो.' ती सकाळ अजून व्हायची आहे. म्हणजे १४० नाही, ३४०.

मी हरलो शून्य. खेळलोच नाही, परत गाडी कोण चालवणार होतं?

*

धागाकर्ता : अरे! तू इथे आहेस?

आकडा चुकतोय. त्या दोनशेतले वीस टॅक्सीला गेले होते. ३२०.