टीव्हीवर अहिराणी फक्त हसण्यापुरतीच का?

अमळनेरकर:
काल मालिकेत घरगडी आपली खान्देशातली अहिराणी बोली बोलला की मागून हसण्याचा आवाज. आई भाकरी थापता थापता थांबली. "यामा हासासारखं काय शे?" म्हणाली. कळण्याची भाकरी तव्यावर करपली, तरी तिचं लक्ष नाही. मला फार लागलं. तुम्हाला?

शिरपूरची सून:
लागतंच हो. स्मिता पाटील आमच्या शिरपूरच्या घराण्यातल्या. मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या, मग सिनेमात गेल्या. १९८६ साली वारल्या, पण सासूबाई अजून "आपली स्मिता" म्हणतात. प्रसिद्धी अशी असावी, माणसाला परकं न करणारी.

केळीवाला, रावेर:
आमच्या बागेत घड कापून झाले की मजूर एकाच मोबाईलवर अहिराणी व्हिडिओ बघतात. विनोदच असतो, पण बोलणारा आपला असतो. मालिकेतला तो कलाकार अहिराणी बोलतच नव्हता, नुसतं "शे शे" (म्हणजे "आहे") जोडत होता!

अमळनेरकर:
अगदी! आईला खटकलं ते हेच. कवयित्री बहिणाबाई चौधरी तर खान्देशातल्याच लेवा बोलीत बोलल्या. १९५१ साली गेल्या, कवितासंग्रह त्यानंतर छापला. आज अख्खा महाराष्ट्र त्या ओव्या म्हणतो, कुणी हसत नाही. वाहिनीला पत्र लिहितोय. कोण सही करतंय?