'किंतारो' : नाव, अंगावरचं कापड, हातातली कुऱ्हाड

प्रश्न : जपानी लोककथेतल्या या बलवान मुलाचं नाव मराठीत कसं लिहावं? त्याच्या पोटावरचं लाल कापड आणि खांद्यावरची कुऱ्हाड यांना कोणते शब्द चालतील?

उत्तर : 'किन' म्हणजे सोनं, 'तारो' म्हणजे थोरला मुलगा (पुढचे जिरो, साबुरो). 'टारो' नको, जपानी उच्चार आपल्या 'त'च्या जवळचा आहे. अनुस्वारही बिनधास्त द्या. 'किंतारो'त तो 'न्' होतो, 'किंपिरा'त (त्याच्या मुलाचं नाव) 'म्'. जपानी माणूसही असंच बोलतो. मोठेपणी हाच साकाता नो किंतोकी, मिनामोतो नो योरिमित्सूच्या चार वीरांपैकी एक.

उत्तर : कापडाचं नाव 'हारागाके'. झबलं म्हणू नका. झबल्याला पाठ असते. हा चौकोनी तुकडा एक कोपरा वर करून गळ्याशी बांधतात, बाजूचे बंद पाठीमागे. पाठ आणि ढुंगण उघडंच. 'पोटपट्टा'ने कंबरेचा पट्टा डोळ्यांपुढे येतो, म्हणून हारागाके ठेवून एकदा वर्णन करावं हे बरं. जपानीत या कापडालाच 'किंतारो' असंही म्हणतात.

चित्रकारांसाठी : हारागाकेवर 'किन' हे अक्षर असतं, आठ रेघांचं. तळाच्या आडव्या रेघेवरचे दोन तिरपे ठिपके राहिले, तर सहा रेघांचं 'झेन' उरतं आणि अर्थ होतो 'संपूर्ण'. ही चूक सर्रास होऊ शकते. आणि सोबत अस्वल किंवा कवेत न मावणारा कार्प मासा हवा. कुत्रा, माकड नि तितर जातीचा पक्षी काढलात, तर तो पीचमधून जन्मलेला मोमोतारो झाला.

उत्तर : कुऱ्हाड म्हणजे 'मासाकारी', रुंद पात्याची. 'परशू' लिहिलं की वाचकाला परशुराम दिसतो. 'फरशी कुऱ्हाड' अचूक बसते. नुसतं 'फरशी' नको, मुलं जमिनीकडे बघतील.

प्रश्न : 'किंतारो-आमे' हा वाक्प्रचार कुठे वापरतात?

उत्तर : 'आमे' म्हणजे साखरेची गोळी. भुवया, डोळे, तोंड यांच्या रंगीत पाकाच्या लांब पट्ट्या करतात, मधल्या जागा पांढऱ्या पाकाने भरतात, बाहेरून आवरण गुंडाळतात. हा जाडजूड लोड गरम असतानाच ओढून बोटाएवढा बारीक करायचा नि तुकडे पाडायचे. कुठेही कापा, तोच चेहरा. एखादी पट्टी आधी थंड पडली तर ती बाकीच्यांइतकी ताणली जात नाही आणि चेहरा वाकडा होतो. यावरून सगळे कर्मचारी एकसारखे बोलू लागले, की टीकेने 'किंतारो-आमे' म्हणतात. मराठीत 'एका माळेचे मणी' लगेच सुचतं, पण त्यात लबाडीचा वास आहे. इथे दोष फक्त वेगळेपण नसण्याचा, म्हणून 'एकाच साच्यातले'.

उत्तर : स्वयंपाकातला 'किंतोकी' वेगळा ओळखा. चित्रांत या वीराचं अंग लालबुंद, म्हणून लाल राजमा 'किंतोकी-मामे' आणि लाल गाजर 'किंतोकी-निंजिन'. 'उजी किंतोकी' म्हणजे बर्फाच्या किसावर माचा (हिरव्या चहाची पूड) आणि गोड अझुकी (बारीक लाल कडधान्य). 'किंपिरा' मात्र त्याच्या मुलाचं नाव, सतराव्या शतकातल्या कठपुतळी नाटकांमधलं. चिवट गोबो मुळाचे काप तिखट मिरचीत परतलेल्या भाजीला ते मिळालं, ताकदीवरून. तिथे 'लाल' असं भाषांतर केलंत तर अर्थ पार बिघडेल.