आईचे ब्लाउज दोरीवर टांगले की कला होते का?

सिताबर्डीकर
काल सिव्हिल लाइन्समध्ये एक इन्स्टॉलेशन, म्हणजे मांडणशिल्प, पाहून आलो. मुलीने खोलीभर दोऱ्या बांधून आईचे तेवीस ब्लाउज उलटे टांगलेत. बस, एवढंच. बाजूच्या भिंतीवर पानभर मजकूर: स्त्रीत्व, ओळख, देहाची स्मृती वगैरे. तो नसता तर मला वाटलं असतं, लाँड्रीत शिरलो. जे काम स्वतः बोलत नाही त्याला असा वकील लावावा लागतो. पटतं का?

धरमपेठची
नाही पटत. मीही गेले होते, मजकूर वाचलाच नाही. उलटे का टांगलेत ते पाहिलंत? आतली माया दिसावी म्हणून. (सुईदोरा हाती न घेतलेल्यांसाठी: शिवणीत आत राखून ठेवलेलं कापड म्हणजे माया.) लग्नातल्या ब्लाउजला चांगली दोन बोटं माया आहे. पुढे एकेक शिवण उसवत गेली, जुन्या टाक्यांची भोकं ओळीने तशीच. शेवटच्या तिघांत माया संपली, म्हणून काखेत भलत्याच रंगाचा जोड. माझ्या मागे दोघी होत्या. एक म्हणाली, "माह्यावाले बी असेच हायेत वं."

इतवारीचा भाऊ
तेच म्हणतो ना बाप्पा, घरोघरी आहे तर हॉलमध्ये काहून पाहायचं? इंग्लंडच्या ट्रेसी एमिनबाईंनी १९९८ मध्ये स्वतःचा विस्कटलेला पलंग मांडला, तेव्हापासून जो तो आपला पसारा मांडून राहिला. कलेत हात चालला पाहिजे.

धरमपेठची
हातच हवा असेल तर बंगळुरूच्या शीला गौडांचं काम बघा. साधा दोरा सुयांतून ओवत न्यायचा, सगळे पदर कुंकू-डिंकात माखून जाड लाल दोर करायचा, टोकाला सुयांचा झुबका. अंगावर येतो तो दोर.

महालातला मास्तर
आणि हे तिकडचं फॅड कसं? आपल्या नागपूरची मारबत काय आहे मग? बाईचे दोन पुतळे: काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. बांबू, कागद, कापड; तान्ह्या पोळ्याला भर रस्त्यातून मिरवायची, संपल्यावर जाळायची. अवाढव्य, तात्पुरती, गर्दीत घुसून पाहायची. मांडणशिल्प नागपूरकराला कोणी शिकवू नये.

पाचपावली
मास्तर, उदाहरण तुमच्याच अंगावर आलं. बाईचा पुतळा करायचा, गावाची इडापीडा तिच्या डोक्यावर द्यायची आणि पेटवायचा! काळी म्हणजे इंग्रजांना सामील झालेली भोसले घराण्यातली बांकाबाई, असं सांगतात. राज्य घालवणारे पुरुष कमी होते? त्यांचे बडगे (मिरवणुकीतले पुरुषांचे पुतळे) होतात, पण दरवर्षी नवा विषय, नवा चेहरा. बाई मात्र तीच.

महालातला मास्तर
पिवळीच्या पाया पडायला बाया लेकरं घेऊन येतात, तेही धरा हिशेबात. काळीबद्दल मात्र तुमच्याशी भांडणार नाही.

इतवारीचा भाऊ
मारबतीला कागद चिकटवून समजवावं लागत नाही, एवढंच माझं.

सिताबर्डीकर
आज परत गेलो, सौ.ला घेऊन. ती मधल्याच एका ब्लाउजपाशी थांबली. बाकी सगळे सैल केलेले, हा एकच आत घेतलेला, दोन्ही बाजूंनी, घाईच्या टाक्यांनी. "त्या वर्षी आजारी असेल ती," म्हणाली. भिंतीवरच्या मजकुरात याबद्दल अक्षर नाही. तो कागद काढाच. तो नसता तर मी पहिल्याच दिवशी जवळ जाऊन पाहिलं असतं.