नौदलाच्या जुन्या विक्रांतवर, त्या विमानवाहू जहाजावर, कोणी होतं का? आठवणी लिहा

खालचा_स्टोकर: काल पुतण्या म्हणाला, काका, ती बजाजची व्ही बाइक काढून टाकतोय, एक्स्चेंजला चांगली किंमत येतेय. पार्किंगमध्ये गेलो तर गाडी उन्हात उभी. टाकीवर हात ठेवला आणि चटका बसला. त्या टाकीत आमच्या जहाजाचा पत्रा वितळवून घातलाय, हे त्या पोराला माहीत आहे, पण त्याला मायलेज जास्त महत्त्वाचं.

लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर ट्रेनिंग झालं आणि ७५ साली थेट विक्रांतच्या बॉयलर रूममध्ये उतरलो. गळ्यात टॉवेल, खिशात मिठाच्या गोळ्या. चिमणीतून काळा धूर निघाला की जहाज चालवतात त्या ब्रिजवरून शिव्या. विमानं आम्ही फारशी पाहिलीच नाहीत. वर विमान फेकणारा वाफेचा कॅटापल्ट सुटला की खाली वाफेच्या गेजचा काटा दचकायचा, त्यावरून कळायचं की गेलं एक.

मिडल वॉचला, म्हणजे रात्री बारा ते चारच्या पाळीला, माझ्याबरोबर रोहतकचा एक जण असायचा, आम्ही त्याला पहिलवान म्हणायचो. माझ्या आईने दिलेलं मेतकूट तो चपातीत भरून खायचा आणि माझ्याच वाट्याचं संपवायचा. ७८ नंतर पत्ता नाही. लिहा कोणी असाल तर.

डेकवरचा: आलात का उंदरांनो बिळातून बाहेर! आम्ही वर ऊन खात होतो म्हणून तुम्हाला वाफ तरी करायला मिळाली. मी डेकवर अलिझे विमानं हलवणाऱ्या हँडलिंग पार्टीत, ७६-७९. तोंड पाहिलं असेल, नाव आठवणार नाही.

खालचा_स्टोकर: @डेकवरचा आंघोळीच्या रांगेत पाहिलं असेल. पाणी आधी बॉयलरला, मग माणसाला.

डेकवरचा: खाऱ्या पाण्यात साबणाचा फेस काढून दाखवा म्हणावं आजच्या पोरांना.

वेंगुर्ल्याची_नात: आमचे आजोबा थंय कूक होते. रिटायर होवन घराक इले तरी चार माणसांचा जेवान त्यांका करूक जमा नाय, टोपच मोठो चढवीत. आजी म्हणा, ह्या काय जहाज आसा? उरलेला शेजाऱ्यांक वाटूक लागा.

सुगरण_६२: @वेंगुर्ल्याची_नात त्यांच्या हातची डाळ कशी असायची गं? फोडणीत काय घालायचे?

वेंगुर्ल्याची_नात: लसूण. मापाक वाटी नाय, मूठ.

एफएमओ_कन्या: मी जहाज आतून कधी पाहिलं नाही. बाबांची पत्रं तेवढी पाहिली. आमचं उत्तर जायचं ते द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. ७१ साली बाबा बंगालच्या उपसागरात आणि आम्ही पत्र टाकतोय मुंबईला. आई नकाशात मुंबईवरच बोट ठेवून बसायची. युद्ध संपल्यावर कळलं की आधी जहाज अंदमानात दडवून ठेवलं होतं. बाकीचं नंतर लिहिते, कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या.

नेव्हीप्रेमी: म्हणूनच ४ डिसेंबरला नौदल दिन असतो ना, विक्रांतने त्या दिवशी हल्ला केला म्हणून.

निवृत्त_चीफ: नाही. नौदल दिन कराचीवरच्या मिसाइल बोटींच्या हल्ल्यासाठी. त्याच दिवशी पूर्वेला विक्रांतच्या सीहॉक विमानांनी पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला केला, म्हणून गोंधळ होतो. आणि बॉयलरवाल्यांसाठी सांगतो, तेव्हा चारपैकी एक बॉयलर तडकलेला होता. जहाज लढाईला न्यावं की नाही यावरच खल झाला. तीन बॉयलरवर गेलो. मी तेव्हा २२ वर्षांचा होतो, भीती वाटायची ती शत्रूची नाही, चौथ्या बॉयलरची.

खालचा_स्टोकर: चीफ, सलाम. आम्ही गेलो तेव्हाही जुने लोक त्याच्याजवळून जाताना आवाज खाली आणायचे. आजारी माणूस झोपलाय जसा काही.

हार्बरलाइन: २०१४ ला रे रोडला उतरून दारुखान्यात, जुनी जहाजं तोडतात तिथे, विक्रांत बघायला गेलो होतो. लांबूनच. आत सोडेनात. कापायला घेतली होती. शाळेत असताना ती म्युझियम होती तेव्हा नेव्ही डेच्या आठवड्यात रांग लावून चढलो होतो, तीच. फोटो नाही काढला. चहा प्यायलो आणि परत आलो.

डेकवरचा: बरं केलंत. मी गेलोच नाही.

सैन्यात_जायचंय: सर नौदलाच्या अग्निवीर एसएसआर (खलाशी) भरतीसाठी उंची किती लागते? माझा भाऊ पोहण्यात कच्चा आहे चालेल का

निवृत्त_चीफ: पोहायला तिथे शिकवतात, बाळा. उंचीसाठी अधिकृत जाहिरात वाच, इथल्या म्हाताऱ्यांवर विसंबू नकोस.

एफएमओ_कन्या: आले. @खालचा_स्टोकर बाबांच्या एका पत्रात लिहिलंय, खाली स्टीमच्या पाइपवर बटाटे ठेवून शिजवतात आणि आम्हाला वास तेवढा देतात. तुम्हीच का ते?

खालचा_स्टोकर: ताई, ते आमच्या आधीचे. पण परंपरा आम्ही मोडली नाही. पहिलवान तीन बटाटे एकटा खायचा, मीठ मात्र माझ्या गोळीचं.

मुंबई_ते_पुणे: काका, व्ही खरंच विकायची आहे का? किती चाललीय? पुण्यात असाल तर रविवारी येतो.

खालचा_स्टोकर: ३८ हजार. आणि नाही.