तळपायातली गाठ आणि व्हेरापामिल जेल: रुग्ण म्हणतात तसा फरक पडतो का?

सडेकर, देवगड
वडिलांच्या (वय ६१) डाव्या तळपायाच्या कमानीत, आतल्या बाजूला, दीड सेंटिमीटरची टणक गाठ आहे. सोनोग्राफीत प्लांटर फायब्रोमा (तळव्याच्या पडद्यातली तंतुमय गाठ), म्हणजे लेडरहोज, असं आलंय. कातळावर चालताना चप्पल असूनही कळ येते. परदेशातले बरेच रुग्ण लिहितात की १५ टक्के व्हेरापामिल जेलने गाठ मऊ पडली. ते बीपीचं औषध ना? बाबा बीपीसाठी मेटोप्रोलॉल ५० घेतातच. आमचा मेडिकलवाला म्हणतो, कॅलाप्टिनच्या गोळ्या कुटून व्हॅसलीनमध्ये कालवा. चालेल का?

खलबत्ता
नाही चालणार, आणि कारण नुसतं "डॉक्टरांना विचारा" एवढं नाही. गोळीतलं व्हेरापामिल हायड्रोक्लोराइड हे पाण्यात विरघळणारं क्षार आहे, व्हॅसलीनमध्ये ते विरघळत नाही. नुसती भुकटी तरंगत राहते, वर खडू-स्टार्चसारखा भराव त्वचेला घासतो. तळपायाची कातडी शरीरात सगळ्यात जाड. ती ओलांडायला लेसिथिन-प्लुरॉनिकसारखा बेस लागतो, आणि तो प्रिस्क्रिप्शनवर औषध बनवून देणारी फार्मसीच करते. तालुक्याला मिळणार नाही, मुंबई-पुण्यात चौकशी करा.

आता हिशेब बघा. १५ टक्के म्हणजे १ मिलीत १५० मिग्रॅ. अर्धा मिली दोनदा लावलं तर दिवसाला १५० मिग्रॅ कातडीवर. त्यातलं रक्तात फार थोडं जातं, पण मेटोप्रोलॉल चालू असताना "थोडं"ही डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं. दोन्ही औषधं हृदयाचा ठोका मंद करतात. पोटातून एकत्र घेतली तर हार्ट ब्लॉकपर्यंत (ठोक्याचा विद्युत संदेश वाटेत अडणं) जाऊ शकतं. चक्कर किंवा नाडी ५० च्या खाली, तर जेल बंद करून लगेच डॉक्टरकडे. मेटोप्रोलॉल मात्र स्वतःहून अचानक सोडू नका. व्हेरापामिल पोटातून घ्यायची वेळ आलीच तर पपनसही टाळा, त्याने औषध रक्तात वाढू शकतं.

पाऊलवाट
रुग्णांच्या अनुभवांबद्दल. प्रयोगशाळेत व्हेरापामिल तंतुपेशींचं कोलॅजन बनवणं कमी करतं आणि ते विरघळवणारं एन्झाइम वाढवतं, एवढं पक्कं. पेरोनी (पुरुषाच्या लिंगात गाठ धरते) या दुसऱ्या तंतुमय आजारात ते इंजेक्शनने गाठीतच देतात. जेल वरून लावून आत पोचतं का, यावर मात्र वाद आहे: पेरोनीवरच्या २००२ च्या एका अभ्यासात जेल लावूनही आतल्या थरात औषध सापडलं नाही, तर नंतरच्या एका छोट्या चाचणीत फायदा दिसला. लेडरहोजसाठी मोठी, खोट्या जेलशी तुलना केलेली चाचणी नाही.

म्हणून "मऊ झाली" हे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ज्याला फरक पडला तो लिहितो, न पडलेला गप्प बसतो. आणि या गाठी वाढतात, थांबतात, पुन्हा वाढतात. दुखणं अनेकदा आपोआप कमी होतं आणि श्रेय हातातल्या ट्यूबला जातं. शिवाय बहुतेक जण त्याच सुमारास चप्पल बदलतात!

तरी करून बघायचं असेल तर मोजून करा. पारदर्शक प्लास्टिकवर गाठीची कडा मार्करने उतरवा, महिन्यातून एकदा. संध्याकाळी चालल्यावरचं दुखणं ० ते १० मध्ये लिहा. सोनोग्राफी सुरुवातीला आणि सहा महिन्यांनी, शक्यतो त्याच मशिनवर. सहा ते बारा महिने धीर हवा; तीन आठवड्यांत गाठ विरघळल्याचं कुणी लिहिलं तर पुढे वाचू नका. लावण्याआधी पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात, मग पुसून, प्युमिस दगडाने मेलेली कातडी हलकेच काढून. बरेच जण वरून प्लास्टिक गुंडाळतात. जून ते सप्टेंबर कोकणात ते करू नका, चिखल्या होतील आणि जेल लावायला निरोगी कातडीच उरणार नाही.

चपलेचं काम औषधाआधी करा. एमसीआर (मऊ मायक्रोसेल्युलर रबराची) चप्पल, आणि गाठीच्या जागी तळव्यात खड्डा: गाठीवर लिपस्टिक लावून उभं राहायचं, डाग पडेल तिथे चांभाराकडून ५-६ मिमी खोल कोरून घ्यायचं. खड्डा गाठीपेक्षा सगळीकडून अर्धा सेंटिमीटर मोठा हवा, नाहीतर कडाच टोचते.

सडेकर
मेडिकलमध्ये डिल्टियाझेम जेल तयार मिळतं. तेही त्याच जातीचं ना? ते चालेल?

खलबत्ता
ते २ टक्के असतं, गुदद्वाराच्या फिशरसाठी. तिथे काम स्नायू सैल करण्याचं आणि कातडी पातळ. तळपायाच्या गाठीला त्याचा उपयोग नाही.

दर्यावर्दी
दोन गोष्टी राहिल्या. अनवाणी शेतात, सड्यावर वावर असेल तर काटा आत राहिलेला नाही ना, आणि गाठीला तोंड फुटून दाणे असलेला पू येत नाही ना, हे बघा. तसं असेल तर तो मदुरा फूट असू शकतो, उपचार वेगळा. हाताच्या तळव्यातही दोऱ्यासारखे ताण लागतात का तपासा, हाताचा तो आजार आणि लेडरहोज अनेकदा बरोबर येतात.

गाठ कापायची घाई नको. नुसती गाठ काढली तर ती पुन्हा उगवण्याचं प्रमाण मोठं आहे, आणि कमानीतला व्रण गाठीइतकाच टोचू शकतो. स्टेरॉइड इंजेक्शनने कळ काही काळ जाते, पण पुन्हापुन्हा घेतलं तर तळव्यातली चरबी झिजते. खूपच दुखत असेल तर किरणोपचाराची चौकशी करा: एकूण ३० ग्रे, दोन टप्प्यांत, मध्ये अडीच-तीन महिने. नेदरलँड्समध्ये खोट्या किरणांशी तुलना करून चाचणी झाली, दुखणं कमी झालं. कॅन्सरच्या इस्पितळातच होतं, त्यामुळे ये-जा मुंबई किंवा कोल्हापूरला.

सडेकर
मग आधी चांभार, मग बीपीच्या डॉक्टरांची परवानगी, मग जेल. सोनोग्राफीचा रिपोर्ट जपून ठेवतो.